माणूस : लागू नाही

नेर्लेकर काकांनी मला वरची खोली भाड्याने दिली ती पाचव्या फेरीनंतर. पहिल्या फेरीत आधार कार्ड पाहिलं, दुसरीत कंपनीचं ओळखपत्र, तिसरीत मी नळ किती घट्ट बंद करतो ते, चौथीत जिना उतरताना पायांचा आवाज. पाचव्या फेरीत त्यांनी एवढंच विचारलं, "परंडा म्हणजे नक्की कुठे?"

"बार्शीच्या पुढं."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. त्यात काय ठीक होतं ते मला अजून कळलेलं नाही. पण चाकणच्या कंपनीत नोकरी लागून महिना झाला होता, मित्राच्या खोलीत पाचवा माणूस म्हणून झोपत होतो, त्यामुळे मी खोलात शिरलो नाही.

काका म्हणजे सुरेंद्र नेर्लेकर. भोसरीतल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. कारखाना ब्रेकचे सुटे भाग करायचा आणि काका ते नापास करायचे. त्यांच्या टेबलावर तीन रंगांचे टॅग असत. हिरवा म्हणजे पास. लाल म्हणजे परत न्या. आणि पिवळा म्हणजे थोडा दोष आहे, पण चालवून घेऊ. चौतीस वर्षांत हिरवे टॅग कमी पडल्याची तक्रार स्टोअरकडे कधी गेली नाही, लाल मात्र दर तिमाहीला छापून घ्यावे लागत.

"मला ह्यांनी पिवळा लावला होता," अरुंधती काकू सांगतात. काकू शाळेत भूगोल शिकवायच्या, त्याही आता निवृत्त. "बघायला आले तेव्हा उंची विचारली. मग दाराच्या चौकटीशी उभं करून मोजली. अर्धा इंच कमी भरली."

काका हे नाकारत नाहीत. "फुटपट्टी लाकडी होती," ते म्हणतात, "तेवढी चूक गृहीत धरावीच लागते."

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने काकांना घड्याळ दिलं आणि स्टोअरवाल्याने आपल्यातर्फे पिवळ्या फडक्यांचा एक आख्खा गठ्ठा दिला. यंत्र पुसायची ती फडकी, नवीकोरी, शंभर. काकांनी उरलेले टॅगही आणले. दुसऱ्या दिवसापासून कारखान्यातली तपासणी बंद झाली आणि घरातली सुरू झाली. दुधाला मापक, गॅसच्या टाकीला वजनकाटा. भाजीवाली वांगी पसरायच्या आधीच म्हणते, "साहेब, तुमी निवडा, मी डोळं मिटते." त्यात एकदा कोणीतरी मोबाइलवर भेसळीच्या पेट्रोलचा व्हिडिओ पाठवला. तेव्हापासून काका पेट्रोल भरायला जाताना ॲल्युमिनिअमचं मोठं नरसाळं नेतात. नरसाळ्याला आतून पिवळं फडकं लावायचं, आणि पेट्रोल त्यातून गाळून टाकीत सोडायचं, हळूहळू, संततधार धरल्यासारखं. मागची रांग हॉर्न वाजवते. काका मागे वळून बघतसुद्धा नाहीत. आणि दर वेळी नवं फडकं. वापरलेलं फडकं परत वापरणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

गाडी पांढरी, चार दारांची, बावीस वर्षांची. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही. गाडी काकांनी का घेतली हे मला काकूंनी सांगितलं. गाडीच्या पुढच्या दोन चाकांना ब्रेक धरून ठेवणारे जे लोखंडी तुकडे आहेत, ते काकांच्या कारखान्यातले. काकांनी खाली वाकून त्यांच्यावरचा नंबर वाचला होता. तो माल त्यांनी स्वतः पास केलेला होता, हिरव्या टॅगचा. "दुसरी गाडी घेऊ म्हटलं की म्हणतात, तिच्यातला माल कोणी पास केला मला काय माहीत," काकू म्हणाल्या.

तर ही गाडी चढाला मरायला लागली. सपाटीला बरी. चढ आला की आधी उचकी, मग दम, मग गप्प. दहा मिनिटं बाजूला उभी केली की पुन्हा अशी चालू होणार की जणू मघाशी मेली ती दुसरीच कुणी. पिंपरीतल्या दोन मेकॅनिकांनी फिल्टर बदलला, प्लग बदलले, एक रिले बदलला. काढलेला प्रत्येक भाग काकांनी पिशवीत घालून, लाल टॅग बांधून डिकीत ठेवला. गाडी जडच झाली थोडी, सुधारली नाही.

तिसऱ्यांदा ती भोसरीच्या उड्डाणपुलावर मेली, तेव्हा आत काकू होत्या. एका लग्नाहून परत येत होते. काका स्टिअरिंगला, काकू मागून ढकलायला. मागून मोटारसायकलवर एक दाढीवाला आला, उतरला, वाकला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही? मी सातवी ब." गाडी त्यानेच ढकलली. काकूंना ढकलण्याचं काही वाटलं नव्हतं. सातवी ब त्यांना लागली.

घरी आल्यावर त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. मी भाडं की काय ते द्यायला खाली आलो होतो, तसाच दारात उभा राहिलो.

"येत्या रविवारी मंचरला ताईकडे जायचंय," काकू म्हणाल्या. "मध्ये खेडचा घाट आहे. ह्या गाडीने मला न थांबता घाट चढवून नेलं तर ठीक. वाटेत थांबली, तर सोमवारी सकाळी भंगारवाला येतोय. त्याच्याशी माझं बोलणं झालंय."

"मंगळवार आहे आज," काका म्हणाले.

"मग लागा कामाला."

काकांनी चावी उचलली. खाली जाऊन गाडीत बसले. चालू नाही केली, नुसते बसले. मी वरून बघितलं, अर्ध्या तासाने बाहेर आले आणि पुढच्या चाकाशी वाकून काहीतरी पुसत होते.

माझी त्या आठवड्यात दुसरी शिफ्ट होती, सकाळ मोकळी. मी म्हणालो, "काका, मोशीला सयाजी मिस्त्री आहेत. आमच्या कंपनीतल्या पोरांच्या गाड्या तेच बघतात."

"पद्धत काय त्यांची?"

पद्धत मला माहीत नव्हती. गाड्या चालतात एवढं माहीत होतं.

सयाजी मिस्त्री मोशीचे मूळचे. जमीन काही रस्त्यात गेली, काही प्लॉटिंगमध्ये, राहिला गोठा. अर्ध्या गोठ्यात त्यांच्या आई मंजुळाबाई दोन म्हशी सांभाळतात, अर्ध्यात सयाजीराव गाड्या. दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना बसायला एकच बाकडं. बुधवारी सकाळी आम्ही गेलो, तर सयाजीरावांनी गाडी चालू केली, मागच्या सीटला कान लावला, डोळे मिटले, उघडले.

"पेट्रोल कमी पोचतंय साहेब. प्रेशर पडतंय. टाकी उघडून बघू."

आख्ख्या प्रकरणातलं बरोबर निदान एवढंच होतं, आणि ते पहिल्या चार मिनिटांत झालं होतं. पण काकांनी काखेतून जुनं कॅलेंडर काढलं, कोरी बाजू पुढे करून गोठ्याच्या भिंतीला टांगलं आणि पेनाने मोठा मासा काढला. डोकं, शेपूट आणि चार काटे.

आमच्या पट्ट्यात हा मासा सत्यनारायणाच्या फोटोइतका सर्रास दिसतो. कुठल्याही कंपनीत काही बिघडलं की आधी हे चित्र काढायचं. डोक्यात बिघाड लिहायचा, काट्यांवर कारणं: माणूस, यंत्र, माल, पद्धत. चाकणला मी आठवड्यात असले दोन मासे काढतो. सयाजीरावांनी मात्र पहिल्यांदाच बघितला.

"साहेब, आमच्यात खात न्हाईत," ते म्हणाले.

"खायचा नाही, विचार करायचा," काका म्हणाले. "आता बघा. डोक्यात लिहिलं, प्रेशर कमी. पहिला काटा, माणूस. गाडी कोण चालवतं? मी. म्हणजे हा काटा लागू नाही." त्यांनी 'माणूस' पुढे 'लागू नाही' असं लिहिलं, खाली रेघ मारली. "दुसरा, माल. माल म्हणजे पेट्रोल. ते मी गाळून भरतो. लागू नाही. राहिलं काय? यंत्र आणि पद्धत."

"पन टाकी एकदा..."

"सयाजीराव, त्या टाकीत माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय थेंब गेलेला नाही. टाकीचा प्रश्नच येत नाही."

सयाजीराव माझ्याजवळ पाना घ्यायला आले आणि हळूच म्हणाले, "भावा, दुखणं पोटात हाय आन् पेशंट म्हनतोय, पोट सोडून कुठंबी बघा."

मग सुरू झाली तपासणी. सयाजीरावांनी प्रेशरचा गेज आणला. गोल, पितळी, काचेला तडा. इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीला तो जोडायचा आणि काटा बघायचा. काटा तीनच्या आसपास हवा.

"ह्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट?" काकांनी विचारलं.

"ह्याचं न्हाई. माझं बी न्हाई."

"मग हा बरोबर दाखवतो हे कशावरून?"

सयाजीराव चिंबळीला मेहुण्याच्या गॅरेजवर जाऊन दुसरा गेज घेऊन आले. दोन्ही लावून बघितले. दोन्ही तीन. काकांनी दोन्ही गेज बोटाने ठोकून पाहिले.

"दोन्ही सारखेच चुकत असतील," ते म्हणाले.

"व्हय. मंग दोघांच्या मतानं गाडी बरी हाय असं धरू," सयाजीराव म्हणाले, आणि मंजुळाबाईंनी दिलेला चहा पिऊ लागले.

गंमत अशी की गोठ्यात गाडी खरंच बरी होती. काटा तीनवर. गाडी बंद करून दहा मिनिटं थांबलो, काटा जागचा हलला नाही. म्हणजे कुठे गळत नव्हतं. प्रेशर सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची बारीक हवेची नळी काढून हुंगली, तिच्यात पेट्रोलचा वास नाही, म्हणजे तोही शाबूत. टाकीतल्या पंपापर्यंत वीज पुरी जात होती का ते मोजलं, जात होती. प्रत्येक तपासणीनंतर काका 'यंत्र' ह्या काट्यावर एक बारीक बरोबरची खूण करत. गुरुवारी दुपारपर्यंत त्या काट्यावर इतक्या खुणा झाल्या की मासा पक्ष्यासारखा दिसायला लागला.

मी शिफ्टला निघालो तेव्हा काकूंनी मला जिन्यात गाठलं. "काय म्हणतोय तुमचा मासा?"

"गाडीत काही दोष नाही म्हणतो."

"बरं. भंगारवाल्याला मी दहाची वेळ दिलीय," त्या म्हणाल्या आणि वर वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या.

शुक्रवारी सयाजीराव म्हणाले, "साहेब, गोठ्यात कुनाचीबी म्हैस गरीबच असती. रानात सोडल्याबिगर खोडी कळत न्हाई." त्यांनी गेजला लांब नळी जोडली, नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि गेज पुढच्या काचेवर वायपरखाली असा बसवला की आतून वाचता यावा. बॉनेट पुरतं लागेना, म्हणून ते म्हशीच्या दाव्याने बांधलं. काका चालवायला, शेजारी सयाजीराव, मागे मी, मांडीवर फळी, फळीवर काकांनी रेघा मारून दिलेला तक्ता. दर अर्ध्या मिनिटाला आकडा वाचायचा आणि लिहायचा.

मोशीहून भोसरीकडे निघालो. स्पाइन रोडच्या चौकात सिग्नलला हवालदाराने काचेजवळ तोंड आणलं.

"हे काय लावलंय?"

"बीपी बघतोय साहेब," सयाजीराव म्हणाले. "चढाला कमी होतंय."

"माझं चढाला वाढतं," हवालदार म्हणाला आणि सोडलं.

सपाटीला तीन, तीन, तीन. काकांची मान ताठ. वीस मिनिटं आम्ही फिरलो, मग त्यांनी गाडी उड्डाणपुलावर घातली.

"पावणेतीन," मी वाचलं. "अडीच. दोन."

गाडीला उचकी लागली.

"दीड... काका, एक."

"एक पूर्णांक किती?" काकांनी विचारलं. तेवढ्यात गाडी बंद पडली. मागे बस होती, बसमागे सगळी भोसरी होती, आणि जो तो हॉर्नवर हात ठेवून होता. "समाधान, एक पूर्णांक किती ते नीट बघ. तक्त्यात लिहावं लागेल."

मी एक पूर्णांक एक असं लिहिलं आणि ढकलायला उतरलो.

गाडी बाजूला घेतली. दहा मिनिटं उभे राहिलो. मग सयाजीरावांनी चावी फिरवली. काटा उठला आणि सरळ तीनवर जाऊन बसला. काका काचेबाहेरून वाकून बघत होते. मी त्यांचा चेहरा कारखान्यात बघितलेला नाही, पण नापास मालाला त्यांच्यासमोर कसं वाटत असेल ते मला तेव्हा कळलं. फरक एवढाच की ह्या वेळी माल गोंधळलेला नव्हता, तपासनीस गोंधळला होता.

"हे कसं शक्य आहे?" ते म्हणाले. "नळ्या त्याच. पंप तोच. दहा मिनिटांत बरा कसा होतो?"

सयाजीराव कठड्याला टेकले. "साहेब, आमची हीर व्हती तवाची गोष्ट. मोटारीच्या पाइपाला खाली पान्यात जाळीचा फुटबॉल असतो बगा, त्याच्यातनं पानी वर वढलं जातं. त्या जाळीला पालापाचोळा चिकटला की पानी बारीक व्हायचं. मोटार बंद केली की वढ सुटायची, पाचोळा खाली पडायचा. परत चालू केली की दहा मिनिटं धो धो पानी. मंग परत बारीक. मोटार चांगली, पाइप चांगला. कचरा हिरीत."

काकांनी माझ्या हातातला तक्ता घेऊन पुन्हा वाचला.

"हे मत झालं. पुरावा नाही," ते म्हणाले. पण ते म्हणताना त्यांच्या आवाजात चौतीस वर्षांची नोकरी नव्हती. गोठ्यावर परत आल्यावर गाडी त्यांनी स्वतःच आत लावली. उतरताना दार लावलं आणि गाडीकडे पाठ करून म्हणाले, "उद्या टाकी उघडा."

शनिवारी सकाळी सयाजीरावांनी बॅटरीची वायर सोडली, मागची सीट काढली, खालचं झाकण उघडलं, आणि पंप अलगद वर घेतला. पंपाच्या तळाशी बोटभर लांबीची जाळी असते, पेट्रोल तिच्यातून वर ओढलं जातं. जाळी दिसत नव्हती. जाळीला कोणीतरी पिवळसर लोकरीचं टोपडं घातलं होतं. बारशातल्या बाळासारखं, अगदी कानापर्यंत.

 मी माझ्या चपलांकडे बघितलं. सयाजीराव म्हशीकडे बघत होते.

मंजुळाबाई दुधाची चरवी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. वाकून त्यांनी टोपड्यातून चिमूटभर काढलं, दोन बोटांत मळलं.

"हे फडक्याचं दोरं हायती," त्या म्हणाल्या. "कोन दूध गाळतंय ह्यात?"

"आये, तू जा," सयाजीराव म्हणाले.

"फडकं नवं असतं," काका म्हणाले. "दर वेळी कोरं. एकदा वापरलेलं मी पुन्हा वापरत नाही."

"मंग तर झालंच की," मंजुळाबाई म्हणाल्या. "कोऱ्या फडक्याचं दोरं सुटत असत्यात. तीन पान्यांतनं काढल्याबिगर म्या चरवीला फडकं लावत न्हाई. आन् तुमचं पिवळं दिसतंय. ते तर धुतलं तरी सुटतं. त्यापेक्षा तसंच वतलं असतं तर बरं नसतं का?"

आणि त्या गेल्या. म्हशीला काही विशेष झाल्यासारखं वाटलं नव्हतं, ती रवंथ करत होती.

काका उभेच होते. दोन वर्षं, महिन्यातून तीन वेळा, दर वेळी एक कोरं फडकं. मागे हॉर्न वाजवणाऱ्या रांगा. त्या रांगांतला प्रत्येक माणूस आपल्या गाडीत न गाळलेलं पेट्रोल घालून आत्तापर्यंत चार वेळा खेडचा घाट चढून उतरला असणार.

सयाजीराव भला माणूस. ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, काकूंना सांगू, पंपावरचं पेट्रोल खराब लागलं. कुनाला काय कळतंय. समाधान काय बोलत न्हाई."

मी मान हलवली. खरंच नसतो बोललो.

काकांनी एकदा जाळीकडे पाहिलं. मोह पडला असावा, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. मग म्हणाले, "सयाजीराव, चौतीस वर्षं लोक माझ्या टेबलासमोर उभं राहून हेच म्हणायचे. साहेब, आमचं काही नाही, माल बाहेरूनच खराब आला. एकालाही सोडलं नाही मी."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, बाकड्यावर पसरलं. 'माणूस' ह्या काट्यापुढच्या 'लागू नाही' वर आडवी रेघ मारली आणि शेजारी सुवाच्य अक्षरात लिहिलं: सु. नेर्लेकर. खाली तारीख घातली आणि सही केली. मग मला म्हणाले, "साक्षीदार म्हणून तूही कर." मी केली. सयाजीरावांनीही केली, हात पुसून.

टाकी उतरवली, रिकामी केली. आतून पुसायची वेळ आली तेव्हा काकांचा हात सवयीने डिकीतल्या गठ्ठ्याकडे गेला आणि तिथेच थबकला. मंजुळाबाईंनी घरातलं सगळ्यात जुनं धोतर फाडून दिलं, सासऱ्यांचं, इतकं धुतलेलं की त्यात आता सुटण्यासारखं काही राहिलेलं नव्हतं. नवी जाळी बसवली. दुपारी पुन्हा दावं, पुन्हा गेज, पुन्हा उड्डाणपूल. शिफ्टला जायच्या आधी मी तक्ता भरला: तीन, तीन, तीन, तीन. काका म्हणाले, "पुन्हा एकदा." पुन्हा तीन.

"झालं की साहेब," सयाजीराव म्हणाले.

"पूल म्हणजे घाट नव्हे," काका म्हणाले. गेज काढू दिला नाही.

रविवारी सकाळी काकू खाली आल्या त्या इरकली नेसून आणि पायात चालायला जायचे बूट घालून. "ढकलायचं झालं तर," त्यांनी मला सांगितलं. मला त्यांनी मागे बसवलं, कारणही तेच असावं.

काकांनी चावी लावली, पण फिरवली नाही. खिशातून घडी केलेला कागद काढून काकूंना दिला. छापील नमुन्यावर हाताने लिहिलेला अहवाल होता. काकूंनी चष्मा लावला. पर्समधून लाल पेन काढलं, ही त्यांची सवय, आणि मोठ्याने वाचू लागल्या.

"बिघाड: चढावर प्रेशर कमी होणे. आढळलेले कारण: जाळीत फडक्याचे धागे. मूळ कारण..." त्या थांबल्या. कागद जरा लांब धरला. "मूळ कारण: तपासणी."

काका समोर बघत होते. समोर गेटशिवाय काही नव्हतं.

"म्हणजे सातवी ब च्या समोर मी जी गाडी ढकलली," काकू म्हणाल्या, "ती तुमच्या गाळण्यामुळे."

"हो."

"पेट्रोलवाल्यामुळे नाही."

"नाही. त्याचं पेट्रोल स्वच्छ होतं. मी तसं त्याला जाऊन सांगणार आहे."

काकूंनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, कागद पर्समध्ये ठेवला. "निघा," त्या म्हणाल्या.

चाकण आलं. रविवार असून कंटेनरांची रांग होतीच. खेड मागे पडलं आणि रस्ता वर चढायला लागला. मी फळी सरसावली, तोच काकू म्हणाल्या, "तू राहू दे. मला दिसतंय." आणि त्या स्वतः आकडे वाचू लागल्या, वर्गात हजेरी घ्यावी तशा. "तीन. तीन. तीन." पुढे विटांनी लादलेला ट्रक होता, रांगत होता. त्याच्यामागे गाडीचा वेग पडला, काकांनी गिअर खाली घेतला, चढ अजून उभा झाला.

"तीन," काकू म्हणाल्या. मग, "पावणे..."

काकांनी श्वास धरला. मी बूट आवळले.

"नाही, तीनच. काचेला तडा आहे, म्हणून तसं दिसतंय."

काकांनी ट्रक ओलांडला. आयुष्यात त्यांनी किती ट्रक ओलांडले असतील माहीत नाही, पण हा ओलांडल्यावर त्यांनी कारण नसताना हॉर्न वाजवला, छोटासा. घाटमाथा आला, गेला. थांबायचं नाही ही अट होती म्हणून चहाची टपरी दिसूनही थांबलो नाही.

मंचरला दारात गाडी उभी राहिली. काकूंनी पर्स उघडली. तिच्यात दोन टॅग होते, काकांच्याच कपाटातले. एक लाल, एक पिवळा. त्या तयारीने आल्या होत्या. लाल परत आत टाकला. पिवळ्याची दोरी सोडवली आणि मला वाटलं आता आरशाला बांधतील. त्यांनी तो काकांच्या शर्टाच्या वरच्या बटणात अडकवला आणि उतरून गेल्या.

काकूंच्या ताई दारात आल्या, त्यांनी काकांना बघितलं, टॅग बघितला आणि काही विचारलं नाही. नेर्लेकरांकडची पद्धत असेल अशा समजुतीने जेवायला वाढलं. जेवण होईपर्यंत काकांनी टॅग काढला नाही. आमटीत बुडू नये म्हणून फक्त दोनदा खांद्यावर टाकला.

सोमवारी बरोबर दहाला भंगारवाला हातगाडी घेऊन आला. त्याने पांढऱ्या गाडीला एक प्रदक्षिणा घातली, पुढच्या चाकाशी वाकला.

"ती नाही," काकू जिन्यातून म्हणाल्या. त्यांनी नरसाळं आणि पिवळ्या फडक्यांचा उरलेला गठ्ठा त्याच्या हातगाडीवर ठेवला.

भंगारवाल्याने एक फडकं उघडून उन्हात धरलं. "बाई, हे तर कोरं हाय. चांगला माल हाय की."

मी काकांकडे बघितलं. ते गाडीच्या दाराशी उभे होते. चौतीस वर्षांत त्यांच्या मालाला 'चांगला' म्हणणारा बाहेरचा माणूस त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटला होता.  हातगाडी फाटकाबाहेर पडून कोपऱ्यावर वळायला लागली, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. चार पावलं पुढे गेले आणि म्हणाले,

"अहो, आधी तीन पाण्यांतून काढा हं ती."